अठ्ठावीस इंचांचा ट्रॅक्टर: उमरखेड ते यवतमाळ

कपाशी गुडघ्याला लागली आणि आमच्या जोडीतला एक बैल लंगडायला लागला. डवरणी, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं काम, थांबली. छोटा ट्रॅक्टर घ्या, असं दोन वर्षं मीच म्हणत होतो. शेवटी बाबा म्हणाले, "जाय मंग, तूच पाहून ये. पण उभ्या कपाशीत गेला पाह्यजे. झाडं मोडली तं तुह्या नावानं मोडली."

सकाळी साडेसहाची एसटी पकडली. सोबत तीन फुटांची वेळूची काठी. आमच्या दोन ओळींत साडेतीन फूट अंतर आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे सोडले की ट्रॅक्टरसाठी उरतात तीन फूट. काठी मी तीनदा मोजली होती. कंडक्टर म्हणाला, "हिचं अर्धं तिकीट काढू का, भाऊ?"

महागाव, आर्णी करत तीन-साडेतीन तास लागतात. रस्ता चांगला आहे. सकाळी जाणार असाल तर डावीकडे बसा, ऊन लागत नाही. यवतमाळला उतरल्यावर तीस रुपयांत पोहे मिळाले. वरची तर्री आधी चाखून पाहा. मी पाहिली नाही आणि दोन ग्लास पाणी प्यायलो.

ट्रॅक्टरची दुकानं गावाबाहेर आहेत, ऑटोनं जावं लागतं. दोन दुकानं समोरासमोर. पहिल्यातला सेल्समन म्हणाला, "कपाशीत चालणारा अरुंद ट्रॅक्टर देशात पयला आम्हीच काढला. समोरच्यायनं आमचं पाहून केलं." समोर गेलो. तिथला म्हणाला, "त्यायनं आमचं पाहून केलं! आमचं तंत्रज्ञान परदेशी हाये." दोघांच्याही माहितीपत्रकात एकच आकडा होता: मागच्या चाकांतलं अंतर अठ्ठावीस इंच. मी तिथूनच बाबांना फोन लावला, "ओळीत बसतो! आठ इंच उरतात!"

फोन ठेवला आणि मग काठी लावून पाहिली. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत काठी पुरेना. सहा इंच कमी. म्हणजे ट्रॅक्टर साडेतीन फुटांचा, आणि आमची ओळही तेवढीच. समोरच्या दुकानात पळालो, तिथंही तेच. बाबांनी एव्हाना शेजाऱ्यांना सांगितलंही असेल.

परत येऊन दुसऱ्याच दुकानाच्या पायरीवर बसलो. मागच्या शेडमधून एक वयस्कर मिस्त्री आले. "काय झालं बे? एवढा कायले घाबरून राह्यला?"

मी सगळं सांगितलं.

ते हसले. "कंपनी टायरच्या मधापासून मधापर्यंत मोजते. टायर आठ इंचाचा. अठ्ठावीस अन् आठ किती?"

"छत्तीस. पण हा तर बेचाळीस आहे."

"चाकं बाहेर काढून बसवले हायेत. ट्रॉली ओढाले असेच लागतात. रिम उलटी करून लावली का आत येते."

त्यांनी जॅक लावला, चाकं काढली आणि रिम उलट्या करून बसवल्या. अर्धा तास गेला. मग माझ्या हातातली काठी घेऊन स्वतःच लावली. बरोब्बर टेकली. मला एकदम भूक लागली.

"समोरच्याच्याही रिम उलटतात का?" मी विचारलं.

"उलटतात ना," मिस्त्री हळूच म्हणाले. "शोध कोनाचा हाये ते त्यायले भांडू दे."

ट्रॅक्टर मी तिथूनच ठरवला. कंपनी म्हणून नाही. मिस्त्री होते म्हणून.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टर घरी आला. पाऊस उघडला होता, ओल बेताची होऊन माती वाफशावर आली होती. पहिली ओळ बाबांनी चालवली. मी मागून एकेक झाड बघत चाललो. टोकाला बाबांनी विचारलं, "किती मोडले?"

"एक."

"कोनतं?"

मी खाली पाहिलं. ते माझ्या बुटाखाली होतं.

बाबा खूप वेळ हसले. मग ट्रॅक्टर वळवत म्हणाले, "आता वावराच्या भायेर उभा राय. दुसऱ्या ओळीचं मी पाह्यतो."

कोणाचं तंत्रज्ञान पहिलं, ते मला अजूनही माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिलो, आणि एकदाही उठून पाहावंसं वाटलं नाही.