यात काय काय आहे?

वसतिगृहात तिला सगळ्या चौकशी खिडकी म्हणायच्या. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ठेवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. ताटात काहीही पडलं की ही आधी वाकून बघणार, मग वास घेणार, मग वाढणाऱ्या बाईंना विचारणार, "यात काय काय आहे?" मागे आम्ही वीसजणी ताटं घेऊन ताटकळत उभ्या. पोटात कावळे ओरडत असताना माणूस नावं ठेवणारच.

पुढे ती माझ्याच खोलीत राहायला आली आणि माझी जीभ जरा आवरली. ती जमीनमोजणी शिकत होती. तिवई खांद्यावर टाकून दिवसभर उन्हात हिंडायचं, दुर्बिणीतून बघायचं, आकडे टिपायचे. आणि तिला सिलिअक होता. गव्हात ग्लूटेन म्हणून जे चिकट असतं, त्याच्याशी तिच्या आतड्यांचं हाडवैर. गव्हाचा कण जरी गेला तरी आतडी सुजायची आणि मग काहीही खाल्लं तरी अंगी लागायचं नाही. याला औषध नाही, गहू जन्मभर बंद, बस. हे ऐकून लोक चेहरा पाडायचे आणि विचारायचे, "पण थोडं चालतं ना?" या प्रश्नाने तिच्यापेक्षा माझंच डोकं फिरायचं. थोडं चालतं म्हणे!

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला एक छापील कागद दिला होता, काय काय खायचं नाही त्याचा. तो इंग्रजीत होता. मेसच्या मावशींना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी त्याची मराठी यादी करायला घेतली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि ते मी सगळ्यांना ऐकवतेही. लाल शाईने, ठळक, एकेका ओळीत लिहिलं: गहू, मैदा, पाव, बिस्किटं, नूडल्स, केक, सोया सॉस. एका शब्दापाशी अडले.

"सेमोलिना म्हणजे काय गं?"

"काय की. नावावरून तर नटी वाटते," ती म्हणाली.

"कुठल्यातरी देशातलं चीज असेल."

"आपल्याला कोण देतंय ते? सोड."

मी सोडला. हातात फोन होता. शोधायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

यादी मावशींच्या शेगडीसमोर भिंतीवर लागली. मावशी दोनशे मुलींचा स्वयंपाक करायच्या, पण हिच्यावर त्यांचा विशेष जीव. हिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, दोन्हींना निळी तार गुंडाळलेली. त्यांना कुणी हात लावला तर मावशी त्याची सात पिढ्यांसकट खबर घ्यायच्या. रोज संध्याकाळी त्या पातेल्यात दूध उकळायचं, आणि मोजणीवरून आलेल्या हिच्यासमोर वाफाळता वाडगा यायचा.

"यात काय काय आहे?"

"दूध, साखर आणि भाजलेला रवा. यादीत बघून घेतलंय मी, रवा नाही तिथे. खा गुपचूप, पार वाळलीयेस."

दिवसभरात ती निर्धास्तपणे खायची असा तो एकच वाडगा. चमच्याने कडेकडेने, अगदी तळ दिसेपर्यंत.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं जायचं. त्यात एक आकडा बघायचा. आजार कळला तेव्हा तो शंभराच्या वर होता, वर्षभर पथ्य पाळल्यावर दहाच्या आसपास यायला हवा होता. पहिल्या वेळी तो हललाच नाही, दुसऱ्या वेळी चढला. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी पोटात जातंय." तिचे बाबा बसच्या आगारात मेकॅनिक. बिघाड सापडत नाही म्हणजे कुणीतरी नीट बघत नाही, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "घरी तुझी आई डोळ्यांत तेल घालून करते. पुढच्या वेळी आकडा उतरला नाही तर शिक्षण बंद, घरी यायचं."

मग ते तीन महिने काय गेले ते आम्हालाच माहीत. तिने चमचा, पेला, ताट, सगळं पिशवीत घालून बरोबर न्यायला सुरुवात केली. टूथपेस्टच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं. औषधाच्या गोळ्यांवरचं वाचलं. मैत्रिणीने बिस्किट खाऊन हिचं पेन घेतलं तर ही पेन धुवायची. मीसुद्धा दुकानात गेले की पाकीट उलटं करून वाचायला लागले, सवयच जडली. तरी तिचं पोट फुगायचं, ती जिन्यात मध्येच बसायची, आणि मोजणीच्या तासाला हात थरथरतो म्हणून सरांनी तिच्याकडून दुर्बीण काढून घेतली. त्या दिवशी ती खोलीत आली आणि पिशवी न उतरवताच पलंगावर बसून राहिली.

आणि मी काय केलं? मी तिला विचारलं, "खरं सांग, चोरून काही खातेस का?"

तिने पिशवीतला चमचा, पेला, ताट काढून माझ्यासमोर पलंगावर मांडलं. मला अजून ते मांडणं आठवतं.

शुक्रवारी निकाल आला. एकशे साठ. बाबांचा फोन दोन वाक्यांचा होता. "रविवारी येतो. सामान बांधून ठेव."

शनिवारी सकाळी ती पुस्तकं खोक्यात भरत होती. मला ते बघवेना म्हणून मी मेसमध्ये जाऊन बसले. मावशी वैतागलेल्या होत्या. "पोरी, कोपऱ्यावरून रवा आण गं. पोत्यातला संपला, नवं पोतं सोमवारी येणार. आज तरी तिला शेवटचा वाडगा द्यायचा मला."

दुकानात सुटा रवा नव्हता, पाकीट होतं. सवयीने उलटं केलं. वर मोठ्या अक्षरात रवा. खाली इंग्रजीत सेमोलिना. त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, घटक: गहू.

मी ते तीनदा वाचलं. दुकानदार विचारत होता, आणखी काय देऊ, आणि मी पैसे ठेवून पाकीट घेऊन पळत सुटले.

मावशींना सांगितलं तर त्या आधी माझ्यावरच उखडल्या. "गहू म्हणजे गहू, रवा म्हणजे रवा! लहानपणापासून बघतेय मी." मग पाकिटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "दाखव. यात रवा कुठे लिहिलाय, दाखव मला." नव्हताच लिहिलेला. माझ्या त्या सुंदर, ठळक, लाल अक्षरात कुठेच नव्हता. मावशी निळ्या तारेचं पातेलं हातात धरून खाली बसल्या. "इतके महिने मीच घालत होते की गं," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

खोलीत येऊन मी तिच्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "नटी सापडली." विनोद करायची ती वेळ नव्हती, पण दुसरं काही सुचलंच नाही. तिने वाचलं. मग खोक्यावर बसून ती रडायला लागली, आणि रडतारडता पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना? मला माझीच शंका यायला लागली होती गं."

ती रोज विचारत होती आणि तिला रोज खरं उत्तर मिळत होतं. आम्हा तिघींत ते कळणारं कुणी नव्हतं.

बाबांना फोन मी लावला. चूक माझी होती, ती तिने का सांगावी? एका दमात सगळं बोलून टाकलं. कागद, यादी, सोडलेला शब्द, वाडगा. "काका, तिने काहीही चोरून खाल्लेलं नाही. हवं तर मला ओरडा, पण तिला नेऊ नका."

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिची आई कपडे शिवते.

"रवा गव्हाचा असतो?" त्यांनी हळू विचारलं.

"हो काका."

ते फोन बाजूला धरून बोलले, तरी मला ऐकू आलं. "अगं, सुट्टीत तू तिला रोज सकाळी काय करून द्यायचीस?"

यंत्र थांबलं.

"रवा. दुधातला. का हो?"

मग बाबा परत फोनवर आले.

"उद्या येतोय मी. सामान राहू दे तिथेच," ते म्हणाले. "ती यादी परत लिही. आणि बेटा, दोन प्रती काढ."