लेकीच्या नावाची शिष्यवृत्ती

कोऱ्या वह्यांचा वास आला की अंबाडी गावापलीकडचा तो पाडा आठवतो. आमची लेक बारावीत तापाने गेली, म्हणून तिच्या नावाने शिष्यवृत्ती काढली होती. निवडलेली पहिली मुलगी भिवंडीत आमच्याच घरी राहून शिकणार होती. वह्या आणि लेकीचा फोटो छापलेलं पत्र घेऊन मी पाड्यावर त्या मुलीच्या अंगणात बसले. मोहाच्या बिया वाळत होत्या. तिच्या आईने फोटो बराच वेळ पाहिला आणि सगळं माझ्या मांडीवर परत ठेवलं. "बाय, राग नको धरू. पन मेलेल्या पोरीचं नाव माज्या पोरीच्या मागं नको." मुलगी दाराआड मुसमुसत होती. त्या वह्या आता कपाटात पिवळ्या पडल्यात. त्या बाईला बोल तरी कसा लावू? माझी जिवंत असती, तर मीही हेच म्हटलं असतं.