सोळा दिवसांची सुटी

कमलाकर यवतमाळातल्या ज्या सरकारी कार्यालयात होते, तिथे त्यांना पाठीमागे सगळे 'रजामास्तर' म्हणत. आस्थापना शाखेतल्या खिडकीजवळच्या टेबलावर ते सत्तावीस वर्षं बसत आले होते. कुणी आजारी पडो, कुणाच्या घरी लग्न असो की मयत, अर्ज त्यांच्याच हातून पुढे जाई. अर्ज वाचायची त्यांची एक पद्धत होती. आधी तारखा बघायच्या, मग कारण. सोमवारी पोट दुखलं असेल तर रविवारी कुठेतरी पंगत झाली, एवढं त्यांना न विचारता कळे. ज्याने कारण सविस्तर लिहिलं त्याची त्यांना काळजी नसे. नुसतं 'घरगुती कामास्तव' असं दोन शब्दांत लिहिणारा माणूस खरा अडचणीत असतो, असा त्यांचा अनुभव होता.

डिसेंबर हा त्यांचा सगळ्यात वाईट महिना. वर्षाच्या किरकोळ रजा एकतीस तारखेला बुडतात, म्हणून उरलेल्या रजा संपवायला सगळं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती जमे. त्यात दोन हजार आठच्या डिसेंबरात नाताळ आला गुरुवारी. सत्तावीसचा चौथा शनिवार, अठ्ठावीसचा रविवार. मधल्या शुक्रवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस सुटी. त्या एका शुक्रवारसाठी एकोणीस अर्ज आले होते.

आणि नेमकं त्याच वेळी नागपुरात अधिवेशन सुरू होतं. जिल्ह्यातल्या कापसाची दैना सभागृहात गाजत होती. कापूस खरेदी, पंचनामे, मदतीचं वाटप, रोज नवा प्रश्न यायचा आणि त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत पाठवायचं असायचं. साहेबांनी परिपत्रक काढलं, अधिवेशन संपेपर्यंत सगळ्यांच्या रजा रद्द. नाताळचा एक दिवस तेवढा मिळेल.

शिपाई रूपसिंग राठोड परिपत्रक वाचून टेबलाशी आला. महागावकडच्या तांड्यावर त्याची चार एकर पराटी होती.

"साहेब, मले शुक्रवार पाह्यजेच. कापूस फुटून राह्यला, येचाले मजूर भेटत नाही. बायको बसंती एकटीच येचून राह्यली."

"रूपसिंग, सगळ्यांच्याच रद्द झाल्या. माझ्या हातात काय आहे?"

"तुमच्या हातात नाही तं कोनाच्या हातात आहे?" असं म्हणून तो गेला.

हे झालं वीस तारखेच्या शनिवारी. त्याच दिवशी सकाळी कमलाकरांची मुलगी आभा पुण्याहून ट्रॅव्हल्सने घरी आली होती. पुण्यातल्या एका कंपनीत ती दोन वर्षांपासून कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या लोकांची कामं करायची. चहा घेताना शुभदाबाईंनी विचारलं, "किती दिवस आहेस?"

"चार जानेवारीपर्यंत. नाताळात तिकडं सगळं बंद असतं ना आई, म्हणून आम्हालाही सुटी."

शुभदाबाईंना आनंद झाला. कमलाकरांनी मात्र सवयीने मनातल्या मनात तारखा मोजल्या. वीस ते चार, सोळा दिवस. गेल्या वर्षी हिला नाताळात दोन दिवस मिळाले होते. अमेरिका तर गेल्या वर्षीही होतीच. मग यंदा सोळा दिवस कसे?

तो आकडा त्यांच्या डोक्यात शिरला तो बाहेर निघेना. पेपरात रोज मंदीच्या बातम्या होत्या. अमक्या कंपनीने तीनशे काढले, तमक्या कंपनीने हजार. आतापर्यंत ते त्या बातम्या ओलांडून जिल्ह्याचं पान उघडायचे. आता त्याच बातम्या ते दोनदोनदा वाचू लागले. रविवारी आभा दुपारपर्यंत अंगणात उन्हात बसून राहिली. तिचा फोन वाजला नाही. दिवाळीत हाच फोन तिला धड जेवू देत नव्हता. सोमवारी ती हसून बोलली, पण लॅपटॉप का नाही आणला विचारल्यावर म्हणाली, "राहू दिला." बस्स, दोन शब्द.

मंगळवारी संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली असताना कमलाकरांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. तिची सॅक उघडली. कंपनीचं गळ्यातलं कार्ड आत आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. कार्ड होतं. निळ्या पट्टीला गुंडाळून आतल्या कप्प्यात ठेवलेलं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. काढून टाकलेल्या माणसाकडून कार्ड लगेच परत घेतात की नंतर, हे त्यांना कुठे माहीत होतं? सॅकची चेन लावताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शुभदाबाईंजवळ काही बोलायची सोय नव्हती. त्यांना रक्तदाबाचा त्रास, आणि वर त्या वेगळ्याच उत्साहात होत्या. पुसदच्या दिगंबररावांचा मुलगा साकेत, पुण्यातच नोकरीला, घरी आलेला आहे असं कळल्याबरोबर त्यांनी फोन करून रविवारी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरवून टाकला.

"अनायासे दोघांनाही सुटी आहे. असा योग पुन्हा येतो का?" त्या म्हणाल्या. "आणि अहो, त्यांना नोकरीवालीच मुलगी पाहिजे आहे. दिगंबरराव दोनदा म्हणाले."

कमलाकरांनी रविवार किती दिवसांवर आहे ते मोजलं. 

नाताळच्या दिवशी शुभदाबाई रविवारच्या खरेदीला बाजारात गेल्या. बापलेक मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसले. बराच वेळ टपटप दाणे पडत राहिले. शेवटी कमलाकर ताटाकडे बघतच म्हणाले, "आभा, ही रजा कोणत्या प्रकारची आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे अर्जित, किरकोळ, काहीतरी असेल ना. पगारी आहे की नाही?"

तिचा हात थांबला. "नाही," ती म्हणाली.

"बिनपगारी."

"हो. आमच्या अख्ख्या मजल्याला घरी पाठवलंय, बाबा. नाताळची सुटी म्हणून मेल आला. खाली लिहिलं होतं, बिनपगारी. पाच तारखेला या, मग कोण राहणार ते सांगू."

"आमच्याकडे याला असाधारण रजा म्हणतात," कमलाकर म्हणाले, आणि हे आपण का बोललो ते त्यांचं त्यांनाच कळेना. मग म्हणाले, "मी मंगळवारी तुझी सॅक उघडली होती. कार्ड बघायला."

आभाने त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मी पण रोज बघते. गेटवर लावल्यावर हिरवा दिवा लागेल की लाल, एवढंच डोक्यात येतं."

पाच दिवस ही पोर हे एकटीने घेऊन उन्हात बसली होती. कमलाकरांना भरून आलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना रविवार आठवला.

"पाहुण्यांना काय सांगायचं? आईला सांगून कार्यक्रमच पुढे ढकलू."

"आईला पाच तारखेपर्यंत नका सांगू. त्यांनी विचारलं तर मी खोटं नाही बोलणार. नाही विचारलं तर आपणहून नाही सांगणार."

हे काही त्यांना पटलं नाही, पण याहून बरं काही सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताच त्यांनी रूपसिंगचा अर्ज काढला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. त्याच्या टपालाचं काम आपण बघू, पण त्याला आज जाऊ द्या, म्हणाले. रजामास्तर कुणासाठी शब्द टाकतात हे साहेबांना नवीन होतं. त्यांनी सही केली. रूपसिंग अकराच्या एसटीने गेला, आणि कमलाकर दिवसभर टपाल वाटत फिरले. नुसतं टेबलावर बसवत नव्हतंच.

रविवारी अकरा वाजता दिगंबरराव, सत्यभामाबाई आणि साकेत आले. दिगंबरराव मोकळ्या स्वभावाचे होते, मोठ्याने बोलणारे. शुभदाबाईंनी तुरीच्या दाण्यांची कचोरी केली होती, तिची त्यांनी तोंड भरून तारीफ केली. साकेत सडपातळ, चष्मेवाला, कमी बोलणारा. कमलाकर प्रत्येक वाक्याला दचकत होते. नोकरीचा विषय निघाला की ते हवा-पाण्यावर जात. दिगंबररावांनी तिसऱ्यांदा तोच विषय काढला.

"आमच्या नोकरीत नाताळ म्हणजे एक दिवस. तोही रविवारी आला तर गेला. अन् या पोरांची मजा पाहा. आमच्या साकेतले एकवीसपासून सुटी, आता सहा तारखेलेच हजर व्हायचं आहे. अख्ख्या गल्लीत सांगितलं मी, म्हटलं कंपनी असावी तं अशी."

एकवीस ते पाच. कमलाकरांनी मोजायच्या आत उत्तर आलं होतं, सोळा दिवस. त्यांनी साकेतकडे पाहिलं. मुलगा कचोरीचा एक तुकडा बशीत इकडून तिकडे करत होता.

"तुले किती दिवस आहे बेटा?" दिगंबररावांनी आभाला विचारलं.

"मलाही सोळाच आहेत काका," आभा म्हणाली. "पण ती सुटी नाही. बिनपगारी घरी बसवलंय. पाच तारखेला कळेल, नोकरी राहते की जाते."

शुभदाबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. तो त्यांनी हळूच टीपॉयवर ठेवला. सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा साकेतने बशी खाली ठेवली.

"आमच्याकडे सहा तारखेला सांगणार आहेत," तो म्हणाला.

"काय सांगणार आहेत?" दिगंबररावांनी विचारलं.

"तेच. राहायचं की जायचं."

दिगंबररावांना पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही गल्लीभर सुटी सांगत सुटला होता, बाबा. मग कसं सांगू?"

त्या खोलीत दोन बाप समोरासमोर बसले होते. मघापर्यंत एकाला सगळं ठाऊक होतं आणि दुसऱ्याला काहीच नाही. आता दोघेही सारखेच. कमलाकर उठले आणि दिगंबररावांच्या शेजारी जाऊन बसले. "मला तरी कुठे सांगितलं होतं हिने," ते म्हणाले. "मी तारखा मोजल्या म्हणून कळलं."

त्यानंतर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असा उरलाच नाही. आभा आणि साकेत अंगणात जाऊन बोलत बसले, कोणत्या कंपनीने किती काढले, कुठे अर्ज करता येईल. सत्यभामाबाई शुभदाबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. निघताना दिगंबरराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "कळवतो."

ते गेल्यावर शुभदाबाईंनी कमलाकरांना एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" गुरुवारपासून, ते म्हणाले. पुढचे तीन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. नव्या वर्षाच्या सकाळी मात्र स्वतःच आभाच्या केसांना तेल लावत बसल्या आणि म्हणाल्या, नोकरी गेली तर सरळ घरी ये, तिथे उपाशी राहू नकोस.

पाच तारखेला सोमवार होता. कमलाकर साडेदहापासून मोबाईल टेबलावर समोर ठेवून बसले. नव्या वर्षाची रजेची नोंदवही उघडायची होती, त्यांनी तीन ओळींत तीन चुका केल्या. साडेअकरा झाले, बारा झाले. रूपसिंग दोनदा पाणी ठेवून गेला. एक वाजायला आला तेव्हा फोन वाजला.

"बाबा, राहिले मी," आभा म्हणाली, आणि रडायला लागली. तिच्या गटातल्या अकरापैकी पाच जणांची नावं यादीत होती. तिच्या खोलीत राहणारी गुंजनही त्यात होती. कमलाकरांना आनंद झाला, पण त्या पोरीच्या आईबापांनाही याच वेळी फोन गेला असेल, हा विचार काही केल्या मागे हटेना.

सात तारखेला ऑफिसच्या फोनवर दिगंबररावांचा आवाज आला. ओळखू येणार नाही इतका बारीक.

"साकेतचं गेलं, साहेब. म्हटलं आपणच सांगावं. तुमच्या मुलीचं राहिलं हे ऐकलं, चांगलं झालं. आमच्याकडून काही अडकवून ठेवत नाही. तुम्ही दुसरीकडे पाहायला मोकळे आहात."

सत्तावीस वर्षांत कमलाकरांनी घरात न विचारता कधी कुणाला शब्द दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

"दिगंबरराव, थांबू आपण," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे? पोरांना एकमेकांशी बोलू द्या."

मग दिगंबरराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी येऊन कमलाकरांनी भीतभीतच शुभदाबाईंना हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला विचारायला पाहिजे होतं." मग निवडलेली भाजी बाजूला सारत म्हणाल्या, "आभा परवापासून त्याच्याशी रोज बोलते आहे. तुम्ही शब्द दिला काय आणि नाही काय."

साकेत दहा महिने पुसदला होता. तिथल्या एका कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवायचा. गल्लीतले लोक सुरुवातीला दिगंबररावांना विचारत, पोराची सुटी अजून संपली नाही काय? दिगंबररावांनी काही दिवस टाळलं, मग खरं सांगायला लागले. नोव्हेंबरात साकेतला नागपुरात काम मिळालं, पगार पहिल्यापेक्षा कमी. दोन हजार दहाच्या मे महिन्यात यवतमाळात लग्न झालं. साकेतला नव्या नोकरीत लग्नासाठी चारच दिवसांची रजा मिळाली, आभाला सहा दिवसांची. दोघांच्या रजा पगारी आहेत ना, हे कमलाकरांनी पत्रिका छापायला टाकण्याआधी दोघांना वेगवेगळा फोन करून विचारून घेतलं होतं.