दाराबाहेर हजारभर

काल खालच्या रस्त्यानं कुणाची तरी विजयी मिरवणूक गेली आणि गुलालाचा वास थेट खोलीत शिरला. मी पहिल्यांदा आमदार झालो त्या संध्याकाळीही हाच वास होता. फाळणीत सिंध सोडून आलेलं आमचं घर, कोल्हापुरात कापडाचं दुकान. मला कोण मत देणार, असं मलाच वाटायचं. पण त्या दिवशी कसबा बावड्याच्या पोरांनी मला जीपवर उभं केलं आणि हलग्यांच्या कडकडाटात घरापर्यंत आणलं. बघतो तर दार आतून बंद. माझा दांडगा कार्यकर्ता दारावर थापा मारत ओरडला, "आई, दार उघडा की! पोरगं आमदार झालंय तुमचं!" आतून आईनं विचारलं, "किती माणसं आहेत?" तो छाती फुगवून म्हणाला, "हजारभर हाईत की!" त्याबरोबर आत आणखी एक अडसर घातल्याचा आवाज आला. मी जीपवरून खाली उतरलो. हलग्या थांबवल्या, सगळ्यांना मागं सारलं आणि फटीला तोंड लावून सिंधीत म्हणालो, "अम्मा, मी आहे. एकटाच आहे." दार जरासं उघडलं. ओढणीनं माझ्या तोंडावरचा गुलाल पुसून तिनं आधी मीच आहे याची खात्री केली. तिच्यामागं सिंधहून आणलेली ट्रंक खाटेखालून ओढून, दोरीनं बांधून तयार होती. "एका बाजूनं धर," ती म्हणाली, "ह्या खेपेला कुठं जायचं?" त्यानंतर मी आणखी दोनदा निवडून आलो. काल मिरवणूक बघायला मीही खिडकीशी गेलो, पण आधी दाराला कडी लावून.