गोधडीचा उघडा कोपरा

तुम्ही कधी गोधडी शिवणाऱ्या बायकांत दुपारभर बसून बघितलंय का हो? नसेल तर एकदा या आमच्याकडं उदगीरला. चिंध्यांचं आणि किश्शांचं सारखंच असतं. टाकून द्यायचं मन होत नाही, म्हणून गाठोड्यात सरकवत राहायचं. मग एखाद्या दिवशी गाठोडं सोडलं की आपणच बघत बसतो, एवढं कधी साठलं?

आमच्या गाठोड्यातले यंदाचे सगळे तुकडे कलावतीबाईंच्या विहिणीचे आहेत.

आम्ही चौघी. कलावतीबाई, ज्यांच्या ओसरीवर आम्ही जमतो. रेहानाआपा, अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवतात. वत्सला, माहेर मुखेडचं, जिभेला कात्रीसारखी धार. आणि मी. मी दहावी पास, म्हणून औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत जे जे इंग्रजी ते माझ्याकडं वाचायला येतं.

कलावतीबाईंचा सुहास पोलंडला नोकरीला आहे. तिथलीच मुलगी केली त्यानं, आन्या. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं. तिची आई हलिना लेकीजवळ राहायला आली. कलावतीबाईंचे गुडघे आणि बीपी बघता त्यांना काही जाता येणार नव्हतं.

"लेकरू तिकडल्या आजीच्या हातात वाढंल," त्या म्हणाल्या. "माझा तर त्याला वास बी ठाऊक व्हायचा न्हाई."

म्हणून ठरलं की कलावतीबाईंच्या नेसत्या लुगड्याची गोधडी शिवून पाठवायची. आणि विहीणबाईंशी चार शब्द बोलायला शिकायचं.

* * *

परदेश म्हणजे इंग्रजी, यात आम्हाला कुणालाच शंका नव्हती. शिकवायचं माझ्यावर आलं. मी म्हटलं, रोज हातात असतं तिथूनच सुरू करू. सुई म्हणजे नीडल, दोरा म्हणजे थ्रेड, सूत कॉटन, लोकर वूल, रेशीम सिल्क. कलावतीबाई भाकरी थापतानासुद्धा पुटपुटायच्या, "थिंबल, थिंबल." शिवताना बोटात घालायची टोपी ती.

व्हिडिओ कॉलचा दिवस आला. कलावतीबाईंनी पदर नीट केला, सुई कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "नीडल."

हलिनाबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी बाजूच्या डब्यातून स्वतःची सुई काढली, तशीच समोर धरली आणि सांगितलं, "इग्वा."

वत्सला माझ्याकडं वळली. "घ्या मास्तरीणबाई. तुमची सगळी शाळा वाया. बाईला इंग्रजी येतच न्हाई."

मला शरमल्यासारखं झालं. पण कलावतीबाईंचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच. हलिनाबाईंनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, डोळा बारीक केला आणि सुईत ओवलं. कलावतीबाईंनी इकडं तेच केलं. दोघी एकमेकींच्या हाताकडं बघत होत्या. एवढ्या लांबच्या दोन बायका, आणि दोघींचा डावाच डोळा मिटत होता.

* * *

मग माझी शाळा बंद झाली आणि हलिनाबाईंची सुरू झाली. दोरा म्हणजे नित्का. लोकर वेउना, रेशीम येद्वाप, बटण गुझिक. थिंबलला नापार्स्तेक.

ते नापार्स्तेक त्यांनी दाखवलं तेव्हा रेहानाआपा फोनजवळ सरकल्या. पितळी, जुनं, एका बाजूला चेपलेलं. हलिनाबाईंनी आपल्या आईचा फोटो बोटानं दाखवला. म्हणजे आईचं होतं.

रेहानाआपांनी आपल्या बोटातलं अंगुश्तान काढलं. तेही पितळी. त्याच बाजूला चेपलेलं.

"अम्मीचं हाय," त्या म्हणाल्या. मग दोन्हींकडं बघून म्हणाल्या, "आता हे काय समजायचं बाई माणसानं."



* * *

आता कापसाचं सांगते. हलिनाबाई त्यांच्या गावच्या सूतगिरणीत कामाला होत्या. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत सुताच्या मशीनवर उभ्या. सुहासनंच आम्हाला हे सांगितलं. कापसाला त्या बावेउना म्हणायच्या आणि म्हणताना बोटं अशी चोळायच्या, जणू आताही चिमटीत सूत आहे.

वत्सला मुखेडहून येताना कापसाची एक अख्खी फांदी घेऊन आली, फुटलेल्या बोंडांसकट. एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय बाई, शेत उचलून आणलाव का?"

ही म्हणाली, "हाव. अर्धं तिकीट लावा त्याला."

कॉलवर कलावतीबाईंनी ती फांदी समोर धरली आणि शिकवलेला शब्द म्हटला, "बावेउना."

हलिनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पलंगावरच्या लेकीला हाक मारली, फोन तिच्याकडं नेला, परत आपल्याकडं घेतला. मग त्यांनी हात पुढं केला आणि बोटानं फोनच्या काचेला शिवून बघितलं.

सुहास मागून म्हणाला, "आई, त्या म्हणतात की जन्म कापसात गेला, पण झाडावरचा कापूस आज पहिल्यांदा बघितला."

वत्सलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कबूल कुठली करते! म्हणाली, "कापसाचं कुसळ गेलंय."

* * *

बाळासाठी आधीपासून नवं काही आणायचं नाही, ही आपली रीत. सुहासनं मात्र गाडी घ्यायचं ठरवलं, बाळाला फिरवायची ढकलगाडी असते ती. कलावतीबाईंनी फोनवर त्याला पुष्कळ समजावलं. तो हसला. "आई, इथं असलं काही मानत नाहीत."

पुढच्या कॉलला त्याचं तोंड उतरलेलं. हलिनाबाईंनी गाडी दुकानातच ठेवायला लावली होती. जन्माआधी घरात आणायची नाही म्हणे. वर एक लाल रिबीन काढून दाखवली. ती गाडीला बांधायची, दृष्ट लागू नये म्हणून. कलावतीबाईंनी काळा दोरा आणि मनगट्यांचे काळे मणी दाखवले. दोघी एकदमच बोलत होत्या, आपापल्या भाषेत, आणि दोघींच्याही माना हलत होत्या.

"तिकडं बी नजर लागती म्हणा की," वत्सला म्हणाली. "गोरी लेकरं, जास्तच लागत असंल."

सुहास बिचारा दोन विहिणींच्या मध्ये सापडल्यासारखा उभा होता.

* * *

गोधडीला वरून कलावतीबाईंचं लुगडं, आत रेहानाआपांची मऊ पडलेली ओढणी, वत्सलाच्या आईचं इरकल आणि माझी एक सुती साडी. सगळं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. धावदोरा असा घातला होता की पाठीकडून बघा, पोटाकडून बघा, सारखाच.

राहिला शेवटचा कोपरा.

आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात भाकरीचा वाळका तुकडा ठेवायचा आणि मग शिवायचं. त्याला घास देणं म्हणतात. गोधडीचं पोट भरलेलं असलं तर पांघरणाऱ्याचंही भरलेलं राहतं. कलावतीबाईंच्या सासूनं सुहासच्या गोधडीला घास दिला होता.

सुहासला हे कळलं आणि तो चिडला. "आई, खायचं काही घालू नको. पार्सल अडवतील. आणि बुरशी धरली तर? बाळाजवळ ठेवायचंय ते."

त्याचंही चुकत नव्हतं. पण कलावतीबाईंचा हात पुढं जाईना. रिकामा कोपरा शिवायचा कसा?

शेवटी त्यांनी तो शिवलाच नाही. बोट जाईल एवढा उघडा ठेवला, दोरा तसाच लोंबता ठेवला. सुहासला सांगितलं, "दोरा संपला. विहीणबाई टाका घालतील."

लातूरचा एक मुलगा तिकडं निघाला होता, त्याच्या बॅगेतून गोधडी गेली.

त्यानंतरच्या कॉलला सुहास ऑफिसात होता. कलावतीबाईंनी घरातल्या दुसऱ्या गोधडीचा कोपरा हातात धरून हलिनाबाईंना घासाचं सांगायचा प्रयत्न केला. इग्वा म्हणाल्या, नित्का म्हणाल्या, बावेउना म्हणाल्या. पुढं शब्दच नव्हता. सुई, दोरा, लोकर, रेशीम सगळं शिकलो होतो आम्ही, पण भूक शिकलो नव्हतो.

हलिनाबाई म्हणाल्या, "दोब्जे, दोब्जे." म्हणजे बरं, बरं. त्यांना काय कळलं, देव जाणे.

"रिकामाच शिवतील त्या," कलावतीबाई फोन ठेवून म्हणाल्या.

* * *

मुलगी झाली, पण वेळेच्या फार आधी. सुहासनं फोटो पाठवला. काचेची पेटी, नळ्या, आणि त्यात ओंजळीएवढं लेकरू. डॉक्टर म्हणत होते की स्वतःहून श्वास धरते का बघू, दूध पचतं का बघू. कुणी खात्रीनं काही बोलत नव्हतं.

ओसरीवर आम्ही रोज जमत होतो, पण सुई कुणी हातात घेत नव्हतं. रेहानाआपा नमाज पढून यायच्या आणि नुसत्या बसायच्या. कलावतीबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एकच बोलायच्या, "कोपरा उघडा ऱ्हायला. मीच उपाशी धाडली."

वत्सला म्हणाली, "गोधडीचं काय घेऊन बसलाव? लेकराला डॉक्टर हायेत."

"हाव. डॉक्टर हायेत," कलावतीबाई म्हणाल्या.

मग एका दुपारी कळलं की त्या लातूरच्या मुलानं गोधडी पोचवली. कॉल लागला. हलिनाबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या, गोधडी मांडीवर. त्यांनी तो कोपरा उचलून कॅमेऱ्याजवळ आणला.

कोपरा शिवलेला होता. बारीक, सारखे टाके. आमच्याच धावदोऱ्यासारखे.

"शिवून टाकलं की हो," वत्सला हळूच म्हणाली. कलावतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

हलिनाबाईंनी काहीतरी म्हटलं आणि त्या कोपऱ्यावर दोन बोटांनी दाबून दाखवलं. आत काहीतरी टणक होतं. मग त्यांनी टेबलावरचा ब्रेड पुढं ओढला, तिकडचा तो गोल, काळपट पाव. त्याचा कडेचा एक लहानसा तुकडा तोडलेला होता.

"ख्लेप," त्या म्हणाल्या. पाव दाखवला, कोपरा दाखवला, आणि हात पोटावर ठेवला.

सुहास मागं उभा होता. "आई, तू यांना काय सांगितलंस? मी तर एका शब्दानं बोललो नाही."

"मी काय सांगणार," कलावतीबाई म्हणाल्या. "मला त्यांची बोली कुठं येती?"

रेहानाआपांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हलिनाबाई गोधडीची घडी घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासचा फोन आला की लेकीनं दूध पचवलं, आणि पेटीतून काढून तिला आन्याच्या छातीवर दिलं.