रांजणवाली सासू आणि सव्वानऊची गाडी

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इंग्रजी येत नाही याचा फायदा मी आयुष्यात एकदाच घेतला. एकदाच म्हणजे सलग पाच दिवस. आणि त्याचा बदला त्या अजून घेतायत.

मे महिना होता. लेक सुट्टीला मामाकडे गेली होती, हे दिवसभर खताच्या दुकानावर, आणि तेरमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रोज दुपारी दोनला बैठक बसायची. बैठकीत तिघीच. आत्याबाई, शेजारच्या मावशी आणि मी. मधे सोयाबीनची रास. घरचंच बियाणं पेरायचं म्हणून आत्याबाई दरसाल दाणा न् दाणा हातानं निवडतात. फुटका, सुरकुतलेला, डागाळलेला बाजूला. तर हात खाली राशीत आणि डोळे वर टीव्हीत. रिचार्जसोबत एक ॲप फुकट आलं होतं आणि त्यावर कोरियाची एक मालिका आम्हाला सापडली होती. सापडली कसली, मावशी रिमोटवर बसल्या आणि ती लागली.

मालिकेत एक मोठं घर आणि त्या घराच्या अंगणात ओळीनं रांजणच रांजण. रांजणात काय, तर सोयाबीन! उकडायचं, ठेचायचं, विटा पाडायच्या, आंबवायच्या आणि वर्षभर खायच्या. आमच्या शिवारात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन, पण ते ताटात घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यात नाही. काढलं, पोती भरली, बाजारात घातलं, मोकळे.

"अगं बया, समदंच शिजवलं की!" मावशींनी कपाळाला हात लावला.

"बियाला तरी ठेवलं का न्हाय, इचार," आत्याबाई मला म्हणाल्या, जणू ते लोक पलीकडच्या गल्लीत राहतात. मग जरा पुढं वाकून त्यांनी टीव्हीतली रास बघितली. "दाना बारीक हाय त्यांचा. पानी कमी पडलंय ऐन भरायच्या टायमाला."

मालिकेबद्दलचं आत्याबाईंचं हे पहिलं मत. त्यानंतर मतांना खळ नाही. नियम त्यांनी घालून दिला होता, दिवसाला एकच भाग. भाग संपला की टीव्ही बंद, चहा, आणि निकाल. मावशी माणसं नाकावरून ओळखायच्या. "ह्याचं नाकच सांगतंय, ह्यो लबाड हाय." दुसऱ्या दिवशी तोच माणूस देवासारखा निघाला की, "म्या म्हनलंच हुतं, चांगल्या घरचा हाय." तोंडावर लाज म्हणून नाही! आत्याबाईंचा हिशोब निराळा. कोण काम करतंय तेवढंच त्या बघायच्या. मालिकेतला देखणा हिरो पावसात छत्री धरून गल्लीत उभा राहिला, मी आपली विरघळून बघत होते, तर ह्या म्हणाल्या, "तिसरा दिवस झाला हुबाच हाय. घरी बी म्हातारी आसंल का न्हाय त्याची? काम ना धंदा."

त्या घराची मालकीण, अंगणातल्या रांजणांवर जिवापाड लक्ष ठेवणारी खडूस सासू. तिला आम्ही नाव ठेवलं रांजणवाली. आणि तिच्या मोठ्या सुनेला थोरली. थोरली दिवसभर झाकणं पुसायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही.

सहा भाग ती माणसं छान हिंदी बोलली. सातव्या भागाला अचानक त्यांची हिंदी संपली आणि आपली स्वतःची भाषा सुरू झाली. खाली इंग्रजीत बारीक अक्षरं. मावशींनी रिमोट मांडीवर आपटून बघितला, बॅटऱ्या फिरवून घातल्या, काही फरक नाही.

"तू शिकलेली हाईस न्हवं? मंग वाच की," आत्याबाई म्हणाल्या.

झालं, मी वाचायला लागले. इंग्रजी वाचायचं आणि आपल्या बोलीत मोठ्यानं सांगायचं. सासूला जाड आवाज, सुनेला बारीक, हिरोला जरा घोगरा. दोन दिवस अगदी इमानदारीत वाचलं. मावशी म्हणाल्या, हिंदीपेक्षा हेच ग्वाड लागतंय.

त्यातल्याच दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मला फोन आला. माझ्याबरोबर डी.एड. केलेली मैत्रीण धाराशिवच्या एका शाळेत शिकवते. तिसरीच्या वर्गाला बाई पाहिजे होती. "तुझं नाव सांगितलंय. शनिवारपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला घेतील," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू! त्या दिवशी पोळ्या लाटताना मी तव्यासमोर सातचा पाढा म्हणत होते. पण विचारायचं कसं? आठ वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "बघू." या घरात आलेल्या पाहुण्यानं बैल मागितला तर म्हणतात ना, तसं ते बघू. मी समजायचं ते समजले, आत जाऊन भांडी आपटली आणि तो विषय कायमचा बंद केला. ह्यांना विचारावं तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "आईला विचार." मी तशी भांडखोर बाई आहे. कंडक्टरशी भांडेन, भाजीवाल्याशी भांडेन, पण कुणापुढं मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मंगळवारी दुपारी भाग लागला. रांजणवाली अंगणात झाकणं मोजत होती. थोरली मागून आली आणि दोन शब्द बोलली. खाली लिहून आलं, 'आई, गार वारं सुटलंय, आत चला.' आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगते, मला कळायच्या आत निघालं, "आई, मला शाळेत शिकवायला जायचंय हो. शनिवारपर्यंत कळवायचंय. तुम्ही जा म्हणा."

मावशींचा हात राशीत तसाच राहिला. "आता गं बया! ही शिकलेली हाय व्हय? मंग आजवर बोलली कशी न्हाय?"

"लाजाळू आहे," मी म्हणाले. कान नुसते तापले होते माझे.

आत्याबाईंनी एक फुटका दाणा बाजूला टाकला. "मंग सासू काय म्हनली?"

पडद्यावरची सासू तिसऱ्या रांजणाचं झाकण कुठं गेलं म्हणून विचारत होती. "बघू म्हणाली," मी सांगितलं.

"हं," म्हणाल्या आत्याबाई, आणि पुन्हा दाणे निवडायला लागल्या.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळायला किती अक्कल लागते हे मला बुधवारी कळलं. थोरली नेमकी दवाखान्यात गेली. मी सांगितलं, शाळा बघायला गेली. मावशी डोळे बारीक करून म्हणाल्या, "मास्तर लोक पांढरे कोट घालतेत व्हय तिकडं?"

"थंडी असते ना मावशी."

"अन् खाटंवर निजलाय त्यो कोन?"

"जुने मास्तर. आजारी पडले म्हणून तर जागा रिकामी झाली."

"आरारा," मावशी हळहळल्या आणि डोळ्याला पदर लावला. मला हसू दाबताना ठसका लागला.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी चौकशी सुरू केली. "शाळा लांब हाय का तिची?"

"तासाभराची वाट आहे."

"जानार कशानं?"

"सव्वानऊच्या गाडीनं."

"सैपाक?"

"सकाळी लवकर उठून करीन म्हणते."

गुरुवारी पुन्हा. "तिच्या लेकीचं काय? पोरीकडं कोन बघनार?"

थोरलीला मूलबाळ काही नव्हतं. मावशी म्हणाल्यासुद्धा, "तिला लेक कुटं हाय अक्का?"

"आसंल की. दावली नसंल," आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, वा, बरंच झालं, म्हातारीनं आपणहून वाट दिली! मी लगेच ठोकून दिलं, "लेकीला त्याच शाळेत घालणार. सोबत नेणार, सोबत आणणार." स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली.

चहावर मावशींनी निकाल देऊन टाकला. "जाऊ द्या की तिला. झाकनं पुसाया शिकल्याली बाई कशाला लागती? म्या आसते तर पैल्याच दिशी पाटवली आसती." मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. कुणाच्याही भानगडीवर आधी मत देणारी ही बाई बशीत चहा ओतून म्हणाली, "समदं बगितल्याबिगर म्या बोलत न्हाय." शुक्रवारीही तेच.

शनिवार उजाडला. दुपारचा भाग निम्मा झाला आणि थोरली रांजणवालीसमोर येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडं बघतायत, वाजंत्री थांबलीय. रांजणवालीनं तोंड उघडलं आणि खाली अक्षरं आली, 'चालती हो. पुन्हा मला तोंड दाखवू नको.'

मला ते वाचवेना. आणि दुसरंही काही सुचेना. मी तिच्या तोंडी 'जा' घातलं असतं, तरी ते माझंच 'जा' झालं असतं ना? घरचं उत्तर तर अजून बाकीच होतं.

"वाच की गं," मावशी म्हणाल्या. "काय म्हनली?"

माझे डोळे भरून आले होते. समोरची अक्षरं दिसेनात.

आत्याबाईंनी पदरातले दाणे राशीत झटकले. "थांब, म्या सांगते ती काय म्हनली." आणि टीव्हीकडं बघतच, अगदी माझ्यासारखा जाड आवाज काढून त्या बोलल्या, "ती म्हनली, जा. शाळा उगडली की सव्वानवाच्या गाडीनं जा. पोरीला संगं ने. कालवन तू करून ठिव, भाकरी म्या बडवीन. अन् फोन आजच लाव, शनवार हाय."

मी रिमोट घेऊन चित्र तिथंच थांबवलं.

"पर तोंड तर लई रागात दिसतंय तिचं," मावशींना काही पटेना.

"सासूचं तोंड तसंच आसतंय."

"कधी कळलं तुम्हाला?" मी कसंबसं विचारलं.

"पैल्याच दिशी. ती दोन शब्द बोलती अन् तू पायलीभर बोलती. अन् सव्वानवाची येश्टी कोरियात कुटनं आली गं?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तवा तुजे मामंजी आंथरुनाला हुते. पोरगी तीन म्हैन्याची. म्हनून बघू म्हनलं म्या. बघनारच हुते. तू परत कवा इचारलंच न्हाय."

आठ वर्षं! आठ वर्षं मी त्या एका शब्दावर रुसून बसले होते, आणि ही बाई मी परत विचारायची वाट बघत होती. मी सोयाबीनच्या राशीत तोंड खुपसून रडले. स्वतःचाच राग आला होता आणि आनंद तर मावत नव्हता.

"आवो पर जानार कोन?" मावशी पार गोंधळल्या. "टीवीतली का ही?"

"दोगीबी," आत्याबाई म्हणाल्या. "आन तू, बियात पानी सांडू नगंस. मोड येतील."

जूनमध्ये मी आणि लेक सव्वानऊच्या गाडीनं जायला लागलो. दुपारची बैठक आता दोघींचीच. वाचणारं कुणी नाही, पण मालिका काही बंद पडली नाही. आत्याबाई स्वतःच सांगतात. एक अक्षर येत नाही, पण सगळ्यांचे आवाज काढतात, असं मावशी म्हणतात. मालिकेचा शेवट मी फोनवर आधीच बघून घेतला होता. थोरली घर सोडून जाते, दूरच्या शहरात राहते, आणि रांजणवाली अंगणात एकटी उरते. मी मनात म्हटलं, हे काही मावशींच्या कानावर यायचं नाही.

शाळेचा तिसरा आठवडा असेल. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आले तर मावशी ओट्यावरच होत्या. आत्याबाई शेजारी शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. आदल्या दिवशी त्या डोळे दाखवायला म्हणून धाराशिवला जाऊन आल्या होत्या.

"आज लई ग्वाड झालं बग," मावशींनी मला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. "रांजनवाली गाडीत बसून सुनंच्या शाळंला गेली. कुनाला न सांगता. फाटकापाशी हुबी ऱ्हायली. आतनं सून पोरांला सातचा पाडा शिकवत हुती. समदा ऐकला, सात दाही सत्तर हुईस्तोवर, अन् मागारी आली."

काल मी तिसरीला सातचाच पाढा घेतला होता.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी शेंगेवरची नजर वर केली नाही.

"मग आत का नाही गेली ती?" मी विचारलं.

"तास चालू हुता," आत्याबाई म्हणाल्या. "शिकवताना मदी बोलू नये."