बोटीचा पितळी पंखा

ती लाकडी बोट आणि तिच्यापायी मी कोठडीत टाकलेला माणूस, दोन्ही अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी जळगावात निरीक्षक होतो. तिथल्या एका शेठनी मुंबईच्या भंगारातून जुनी सागवानी मोटरबोट ट्रेलरवर घालून आणली. युद्धकाळात ती जखमी सैनिकांना जहाजावरून धक्क्यावर पोहोचवत असे. पिंप्राळ्याबाहेरच्या शेडमध्ये दोन वर्षं तिची दुरुस्ती चालली होती. काम यावलच्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रीकडे होतं. सगळे त्यांना आबा म्हणत.

बोट धरणाच्या पाण्यात सोडायला चार दिवस उरले असताना, पाण्याखाली फिरून तिला पुढे ढकलणारा तिचा पितळी पंखा नाहीसा झाला. शेठ फिर्याद द्यायला आले. "किल्ली रखवालदाराकडेच असते," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले.

पंचनाम्यात कुलूप शाबूत आढळलं. रखवालदार धुळ्याकडचा, पन्नाशीचा, अबोल माणूस. मी त्याला अटक केली. कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. मी अंगाला हात लावला नाही, पण बसू दिलं नाही, झोपू दिलं नाही. त्याचं उत्तर बदललं नाही.

"साहेब, मी नही लिधं."

निर्ढावलेला दिसतो, असं मी हवालदारांना म्हणालो. तेव्हा मला माणसं ओळखता येतात असा माझा समज होता.

भंगारवाल्यांकडे काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हवालदार खबर घेऊन आले. यावल गाडीच्या कंडक्टरला एक म्हातारा आठवत होता. त्याच्या गोणपाटात इतकं जड काही होतं, की कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं होतं.

आम्ही जीप काढली. आबा ओट्यावर बसले होते. मी विचारायच्या आत म्हणाले, "पंखा घरातच हाये, साहेब. इकाले नाही आनला."

"मग कशाला आणला?"

"बुडाची फळी सडेल हाये. लढाईत भोक पडलं व्हतं, त्याच्यावर पत्रा ठोकेल व्हता. शेटले तीनदा सांगलं. ते म्हने, पाव्हने बोलावले, तुम्ही रंग मारा. तीस मानसं बसनार, लेकरंबाळं धरून. पंखा नसला तं बोट जानार नाही."

पंखा गेला त्या दुपारी, शेड उघडी टाकून सगळे जेवायला गेले असताना त्यांनी तो काढला होता.

मी म्हणालो, "आबा, तुमच्यापायी रखवालदार आत आहे."

ते तसेच उठले. पायात वहाणसुद्धा घातली नाही. "मले कोनी सांगलं नाही," म्हणत जीपमध्ये जाऊन बसले.

वाटेत शेडवर थांबलो. शेठना आणि पंचांना बोलावून पत्रा उचकटला. आबांनी पटाशी टेकवून नुसती दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली.

चोरीचा हेतू नसल्यामुळे मी 'क' समरीचा, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा, अहवाल पाठवला. कोर्टाने तो मंजूर केला. फळी बदलून पुढच्या हिवाळ्यात बोट पाण्यात उतरली. मला आमंत्रण होतं. मी गेलो नाही.

पंखा सापडला त्याच संध्याकाळी ठाण्यात रखवालदाराला सोडताना मी म्हणालो, "चूक झाली." आबा त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. त्याने त्यांचे हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"दोन दिन मी एकच गोट सांगी राहिंतू, साहेब. तुम्ही ऐकीच नही."

शेठनी त्याला परत बोलावलं, पण तो आला नाही. त्याच्या अटकेपायी गावात त्याच्या पोरीची सोयरीक मोडली होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे नोकरीत मी पुष्कळ जबाब घेतले. माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगू लागला की मी लिहिणं थांबवून ऐकायचो. बऱ्याच वेळा तो खोटंच बोलत असे. तरी ऐकायचो. एवढं शिकायला मला दुसऱ्याच्या घराची किंमत लागली, आणि ती मी भरून देऊ शकलो नाही.